थेंब डोळ्यात, गोळी मेंदूत: औषध आतपर्यंत पोहोचवण्याची रीत

काचबिंदूचा थेंब डोळ्यात अगदी नेमका पडला, तरी त्यातल्या औषधाचे शंभरातले पाच भागसुद्धा डोळ्याच्या आत शिरत नाहीत. बाकीचं गालावरून ओघळतं, नाहीतर नाकात उतरून रक्तात मिसळतं. कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) गोळीचंही फार वेगळं नाही. पोटात गेलेल्या औषधातला थोडाच अंश मेंदूत पोहोचतो, आणि गोळी अवेळी घेतली तर तोही वाटेत अडतो.

मी फार्मासिस्ट आहे. रुग्णालयाच्या औषधखिडकीवर माझं काम चालतं. तिथे सगळ्यात जास्त कानावर येणारं वाक्य म्हणजे ‘हे औषध मला लागू पडत नाही.’ डोळ्याचं प्रेशर उतरत नाही, हाताची थरथर थांबत नाही. अशा माणसाला डॉक्टरांकडे परत पाठवण्याआधी मी एवढंच म्हणते: औषध कसं घेता ते मला करून दाखवा, आणि कधी घेता ते घड्याळाच्या आकड्यांत सांगा. बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं, आणि औषध वाढवायची किंवा बदलायची वेळच येत नाही.

जे स्वतःच्या डोळ्यात थेंब घालतात, किंवा घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा हे वाचून बदलू नका. ती मात्रा वाया कशी जाणार नाही, तेवढंच मला सांगायचं आहे.

अडथळा म्हणजे काय?

१८८५ च्या सुमारास पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. एर्लिखला वाटलं, मेंदूच्या पेशी रंग धरतच नसतील. १९१३ मध्ये त्याचाच शिष्य एडविन गोल्डमन याने उलटा प्रयोग केला. त्याने रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. आता मेंदू रंगला आणि बाकीचं शरीर कोरं राहिलं. म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्या मध्ये काहीतरी आडवं येत होतं. ते नेमकं काय, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला १९६७ साल उजाडलं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की दोन पेशींमधून काही झिरपायला जागाच उरत नाही.

मग जे जायचं ते पेशीच्या आतूनच. त्यासाठी औषध चरबीत विरघळणारं आणि रेणूने लहान हवं, नाहीतर त्याला उचलून पलीकडे नेणारा एखादा वाहक त्या पेशीवर असायला हवा. शिवाय आत शिरलेल्या औषधाला बाहेर फेकणारे पंपही याच पेशींवर असतात. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड हे मॉर्फिनच्या गटातलं औषध आहे. तरी ठरलेल्या मात्रेत घेतल्यावर त्याने गुंगी येत नाही, कारण पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप त्याला मेंदूत टिकू देत नाही. (जुलाब थांबेनात म्हणून हे औषध मनाने वाढवू नका. जास्त मात्रेत हृदयाची लय बिघडते.)

डोळ्याला असे अडथळे एकाहून जास्त. समोरचं पारपटल (कॉर्निया) जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं, पण त्याचा बाहेरचा थर तेलात विरघळणाऱ्याला वाट देतो आणि मधला थर पाण्यात विरघळणाऱ्याला. दोन्ही जमणारं औषध घडवणं सोपं नाही. काचबिंदूवरच्या लॅटानोप्रोस्टला त्यासाठी मुद्दाम एक तेलकट शेपूट जोडलेलं असतं. पारपटलातून जाताना तिथलीच विकरं (एन्झाइम) ते शेपूट कापतात आणि कामाचं औषध आत उतरतं. मला ही युक्ती फार आवडते. अडथळ्याला न दुखावता त्याच्याकडूनच काम करून घेतलेलं आहे. आणखी आत, डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) रक्तवाहिन्यांना तर मेंदूसारख्याच घट्ट भिंती असतात.

हे अडथळे मोडायचे नाहीत. रक्तातली कितीतरी विषं आणि जंतू त्यांच्यामुळेच मेंदूपासून आणि पडद्यापासून लांब राहतात. ज्या वाटेने औषध जाऊ शकतं, ती वाट मोकळी ठेवणं आपल्या हातात आहे.

थेंब घालताना

डोळ्यावर एरवी साधारण ७ ते १० मायक्रोलिटर अश्रू असतात. खालच्या पापणीमागच्या खोबणीसकट फार तर ३० मायक्रोलिटर मावतात. बाटलीतून पडणारा एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकच थेंब डोळ्याला पुरून उरतो. लागोपाठ दोन घातले म्हणून औषध दुप्पट जात नाही. दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. पहिला गालावर पडला असेल तरच दुसरा घाला.

आधी हात साबणाने धुवा. बाटलीवर ‘हलवून वापरा’ असं लिहिलं असेल तर खरोखर हलवा. प्रेड्निसोलोन अ‍ॅसिटेट किंवा ब्रिन्झोलामाइडच्या बाटलीत औषधाचे कण तळाशी बसतात. न हलवता वापरली तर सुरुवातीला पातळ द्रव पडतो आणि तळाशी घट्ट औषध उरतं. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. बऱ्याच थेंबांत बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन असतं आणि मऊ लेन्स ते शोषून घेते. थेंबानंतर १५ मिनिटांनी लेन्स परत लावा.

मान मागे टाका, किंवा सरळ आडवे व्हा. बोटाने खालची पापणी हलकेच खाली ओढली की खोबण उघडते. नजर वर छताकडे ठेवा आणि थेंब त्या खोबणीत पाडा. थेट पारपटलावर पडला तर डोळा दचकून मिटतो आणि औषध बाहेर येतं. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला कशालाही लागू देऊ नका. एकदा लागलं की जंतू बाटलीत जातात. हात कापत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा. थेंब पडला की नाही हे कळत नसेल, आणि त्या औषधाला थंडावा चालत असेल, तर बाटली फ्रिजमध्ये ठेवा. गार थेंब लगेच जाणवतो. डोळे गच्च मिटणाऱ्या लहान मुलांना आडवं झोपवा, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडायला सांगा. औषध आपोआप आत जातं.

यापुढचं काम बहुतेक जण करत नाहीत. माझा सगळा आग्रह त्याच्यासाठीच आहे.

थेंब पडला की डोळा अलगद मिटा. गच्च आवळू नका, मिचकावू नका. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यात दोन बारीक भोकं असतात आणि तिथून अश्रू नाकात उतरतात. पापणी एकदा मिचकावली की अश्रू त्या वाटेने ढकलले जातात. म्हणून डोळा मिटल्यावर बोटाच्या टोकाने नाकालगतचा तो कोपरा हलकासा दाबून धरा. २ ते ३ मिनिटं, घड्याळ लावून. मनात मोजलेली दोन मिनिटं नेहमी अर्ध्या मिनिटातच संपतात. डोळ्याच्या गोळ्यावर दाब पडता कामा नये. बोट हाडाच्या कडेवर हवं.

खिडकीवर येणारे एक आजोबा थेंब घातला की डोळा जोरजोरात मिचकावायचे, औषध सगळीकडे पसरावं म्हणून. घशात कडू चव यायची, आणि ती औषध लागू पडल्याची खूण आहे असं ते मानायचे. खरं तर घशात चव आली म्हणजे औषध नाकातून खाली उतरलं. डोळा मिटून कोपरा दाबायला लागल्यावर त्यांची ती चव गेली.

हा फक्त औषध वाया जाण्याचा प्रश्न नाही. टिमोलोलचे थेंब घ्या. हे बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या गटातलं औषध. नाकाच्या आतल्या त्वचेतून ते यकृताला टाळून थेट रक्तात जातं. गिळलेल्या गोळीचा काही भाग यकृत निकामी करतं. इथे ती गाळणी लागतच नाही. मग नाडी मंदावते, आणि दमा असलेल्या माणसाचा श्वास अडकू शकतो. डोळ्याचा कोपरा नीट दाबून धरला तर शरीरात जाणारं औषध सुमारे ६० टक्क्यांनी घटल्याचं अभ्यासात दिसलं आहे. दमा, मंद नाडी, हृदयविकार यांतलं काही असेल तर थेंब सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं की डोळ्याच्या थेंबांचं नावही घ्या. गोळ्यांची यादी सगळे देतात, थेंब विसरतात.

दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये निदान ५ मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी, कारण त्याचा तेलकट थर नंतरच्या थेंबाला आत जाऊ देत नाही.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा. बरेचसे थेंब उघडल्यापासून ४ आठवड्यांत टाकून द्यायचे असतात, तळाशी औषध उरलं असलं तरी. काहींची मुदत वेगळी असते, ती वेष्टनावर बघा. आणि काचबिंदू दुखत नाही हे ध्यानात ठेवा. थेंब चुकला तर त्या दिवशी काहीच जाणवत नाही, पण गेलेली नजर परत येत नाही. दात घासणं, झोपायला जाणं अशा रोज न चुकणाऱ्या कामाला थेंब जोडून टाका.

पडद्यासाठी सुई का?

मधुमेहाने पडद्याला सूज आली किंवा वयामुळे पडदा खराब होऊ लागला, की डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन घ्यायला सांगतात. ते ऐकूनच माणसं घाबरतात आणि ‘थेंबच द्या ना’ म्हणतात. पण समोरून घातलेलं हे औषध पडद्यापर्यंत पोहोचत नाही. रॅनिबिझुमॅबसारखी औषधं (ते २००६ पासून वापरात आलं) म्हणजे मोठाले प्रथिन रेणू. ती थेट आतल्या जेलीतच सोडावी लागतात.

डोळा थेंबांनी बधिर करतात, पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करतात आणि पांढऱ्या भागातून, पारपटलाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, अगदी बारीक सुई घालतात. औषध बहुधा ०.०५ मिलिलिटर. सुई काही सेकंदच आत असते. सुईच्या आधी पापणीला पू, डोळ्याला लाली किंवा नुकताच झालेला पक्षाघात असेल तर लपवू नका. सुईनंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला, दिवसभर काळे ठिपके तरंगले तर सहसा घाबरण्यासारखं नसतं. पण पुढच्या काही दिवसांत दुखणं वाढलं, उजेड सहन होईना, नजर आणखी धूसर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तो आतला जंतुसंसर्ग असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात.

मेंदूच्या आणखी दोन वाटा

मेंदूज्वरात अडथळ्याला सूज येते आणि तो पाझरू लागतो. एरवी जेमतेम आत जाणारं पेनिसिलिन त्यामुळेच आत पोहोचतं. माणूस बरा होऊ लागला की अडथळा पुन्हा घट्ट होत जातो, म्हणून डॉक्टर शेवटच्या दिवसापर्यंत शिरेतून मोठ्या मात्रेतच औषध देतात. ‘ताप उतरला, आता गोळ्यांवर घरी सोडा’ असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

काही औषधं मणक्यातून थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात देतात. रक्ताच्या कर्करोगात मुलांना मेथोट्रेक्झेट असंच देतात. हे पाणी सगळं मिळून १५० मिलिलिटरच्या आसपास असतं आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे आत सोडलेलं औषध सतत वाहून जात असतं. सुईनंतर सांगितलं असेल तेवढा वेळ आडवं राहा. बसल्यावर वाढणारी आणि झोपल्यावर थांबणारी डोकेदुखी झाली तर कळवा. त्यावर इलाज आहे.

आणि नाकातून मेंदूत औषध ‘थेट’ जातं असं सांगून कुणी काही देऊ केलं तर घेऊ नका. आकडीसाठी दिला जाणारा मिडाझोलामचा फवारा नाकाच्या त्वचेतून आधी रक्तात जातो. ते चरबीत सहज विरघळतं, म्हणून रक्तातून मेंदूत झटकन शिरतं. रुग्णाला तो ओढून घ्यावा लागत नाही. आकडीत श्वास धड घेता येत नसला तरी फवारा चालतो. तो घरात असेल तर कुशीवर झोपवणं, नळी नाकात किती घालायची, कुठल्या क्षणी मारायचा, हे सगळं आकडी नसताना डॉक्टरांकडून शिकून घ्या. आकडी ५ मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा.

कंपवाताची गोळी आणि जेवण

कंपवातात मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींचे निरोप पोहोचवणारं रसायन, कमी पडतं. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण ते अडथळा ओलांडत नाही. लेव्होडोपा ओलांडतं, कारण त्याची घडण अन्नातल्या अमिनो आम्लांसारखी (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांसारखी) आहे आणि त्यांना नेणारा वाहक त्यालाही उचलतो. १९६७ मध्ये जॉर्ज कोत्सियास यांनी मोठ्या मात्रेतल्या लेव्होडोपाचा गुण दाखवून दिला, पण ते औषध मेंदूबाहेरच खर्च व्हायचं आणि मळमळ फार व्हायची. आजच्या गोळीत त्याच्या जोडीला कार्बिडोपा किंवा बेन्सेराझाइड असतं. कार्बिडोपा मेंदूत शिरत नाही आणि तोच त्याचा गुण आहे: शरीरात लेव्होडोपाचं डोपामिन होऊ देत नाही, मेंदूत मात्र होऊ देतं.

आता वेळेचं बघू. दूध, डाळी, अंडी, मासे, मांस खाल्लं की रक्तात अमिनो आम्लांची गर्दी होते. लेव्होडोपाला त्यांच्याबरोबर एकाच भरलेल्या बसमध्ये चढायचं असतं, आधी आतड्यात आणि मग मेंदूच्या उंबऱ्यावर. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, किंवा जेवणानंतर निदान एक तासाने घ्या, भरपूर पाण्याबरोबर. सुरुवातीला मळमळ होत असेल तर प्रथिनं नसलेलं काहीतरी थोडं खाऊन घेतलेली चालते. लोहाची गोळी आणि ही गोळी यांत निदान दोन तास ठेवा. लोह तिला आतड्यातच बांधून ठेवतं. हळूहळू विरघळणारी गोळी कुटू नका, चावू नका.

हे ऐकून काही घरांत रुग्णाची प्रथिनंच तोडतात. तसं करू नका. कंपवातात वजन आणि स्नायू दोन्ही झपाट्याने उतरतात. गोळी दुपारी कमी पडते असं वाटलं तर प्रथिनांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात नेता येतो, पण तो बदल डॉक्टरांना विचारून करा. त्यांना विचारायला जाल तेव्हा निदान तीन दिवसांची नोंद सोबत न्या: गोळी किती वाजता घेतली, जेवण किती वाजता झालं, अंग किती वाजता मोकळं झालं, पुन्हा किती वाजता जखडलं. ‘गोळी चालत नाही’ या वाक्यापेक्षा ती नोंद त्यांना कितीतरी जास्त सांगते. गोळी अचानक बंद मात्र कधीही करू नका, शस्त्रक्रियेसाठी उपाशी ठेवलं असलं तरी, आधी विचारा. एकदम थांबवल्यास अंग ताठरून, ताप चढून जिवावर बेतू शकतं.

काही औषधं मेंदूत न गेलेलीच बरी, हेही सांभाळायला हवं. सर्दीवरची जुनी गोळी, क्लोरफेनिरामाइन, मेंदूत शिरते आणि म्हाताऱ्या माणसाला गोंधळायला लावते. फेक्सोफेनाडाइन जवळजवळ शिरतच नाही. कंपवाताच्या रुग्णाला याहून जपायचं ते मेटोक्लोप्रामाइडला. उलटी थांबवणारं हे औषध मेंदूत जाऊन डोपामिनचंच काम अडवतं, आणि एका इंजेक्शनने चालता माणूस जखडू शकतो. डोमपेरिडोन मेंदूत फारसं जात नाही, म्हणून अशा रुग्णांना बहुधा तेच देतात. हृदयाचा त्रास असेल तर त्याआधीही विचारायला हवं. रात्री-अपरात्री उलट्या होऊन अनोळखी डॉक्टरांकडे जावं लागतं तेव्हा हे तोंडी सांगायला कुणाला सुचत नाही. एका कार्डावर मोठ्या अक्षरांत ‘कंपवात आहे. मेटोक्लोप्रामाइड देऊ नये’ असं लिहा, खाली लेव्होडोपाच्या वेळा लिहा, आणि ते कार्ड रुग्णाच्या खिशात ओळखपत्राच्या मागे ठेवा.